जेएसपीत फ्रॅगमेंट इन्क्लूड करताना या चुका टाळा

सोलापुरात जावा शिकून नुकतीच नोकरीला लागलेली मुलं माझ्याकडे जेएसपीचा, म्हणजे एचटीएमएलमध्ये जावा मिसळून बनवलेल्या वेबपानांचा, कोड दाखवायला आणतात. हेडर, मेनू, फूटर असे तुकडे (फ्रॅगमेंट) वेगळ्या फाइलींत काढलेले असतात, इथवर छान. पण ते पानात आणायच्या दोन पद्धती आहेत, आणि दोन्ही सारख्याच समजून हाताला लागेल ती वापरलेली असते.

इन्क्लूड डायरेक्टिव्ह फ्रॅगमेंटचा मजकूर पानाचं सर्व्हलेट (सर्व्हरवर चालणारा जावा क्लास) बनतानाच आत चिकटवतो. जेएसपी-इन्क्लूड हा टॅग प्रत्येक रिक्वेस्टला त्या फाइलीकडे जातो आणि तिचं आउटपुट घेऊन येतो. कोणता तुकडा लावायचा हे चालू असताना ठरणार असेल, तर टॅगच हवा. डायरेक्टिव्हच्या फाइलनावात एक्स्प्रेशन चालत नाही.

एका जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर, इथल्या एका टॉवेल कारखान्याला ऑर्डरच्या सगळ्या पानांवर सूचना हवी होती: यात्रेच्या सुट्टीत माल रवाना होणार नाही. सूचनेची फाइल आधीपासून होती, डायरेक्टिव्हने सगळीकडे घातलेली. सर्व्हरवर तेवढीच फाइल बदलून मी घरी आलो. रात्री मालकांचा फोन. "काय ओ, सूचना दिसंना की!" ब्राउझरची कॅश साफ करण्यात तास गेला. कारण वेगळंच होतं. माझ्या मशीनवर टॉमकॅटचा, म्हणजे जेएसपी चालवणाऱ्या सर्व्हरचा, डेव्हलपमेंट मोड चालू होता, त्यात तो आत घातलेल्या फाइलींच्याही तारखा तपासतो आणि पान पुन्हा कंपाइल करतो. कारखान्याच्या सर्व्हरवर तो मोड बंद होता, तपासणीही बंद. टॉमकॅट कंपाइल केलेली पानं ठेवतो त्या वर्क फोल्डरमधले जुने क्लास काढून टॉमकॅट पुन्हा सुरू केला तेव्हा सूचना आली. तोवर दोन व्यापाऱ्यांनी तातडीच्या ऑर्डरी टाकल्या होत्या आणि मालकांना एकेकाला फोन करून समजवावं लागलं.

हे सांगितलं की मुलं म्हणतात, "मग टॅग वापरतो, सर." त्यानेही सुटका नाही. अशा सर्व्हरवर टॅगने आणलेली जेएसपीसुद्धा पुन्हा कंपाइल होत नाही. मी आता बदलता मजकूर फाइलीत ठेवतच नाही, डेटाबेसमधून आणतो. आणि फाइल बदलावीच लागली तर पूर्ण वॉर (सगळ्या ॲपची एकत्र बांधलेली फाइल) नव्याने चढवतो. एक फाइल हळूच टाकून पळण्याचा शॉर्टकट मला मान्य नाही, समोरच्याचा धंदा त्यावर चालतो.

दुसरी चूक याहून घातक: लॉगिनची तपासणी हेडरच्या फ्रॅगमेंटमध्ये. डायरेक्टिव्ह असताना ती चालते, कारण सगळं एकच सर्व्हलेट असतं. मग कुणी तरी 'डायनॅमिक बरं' म्हणून टॅग लावतो. टॅगने आत आलेल्या पानाला स्टेटस किंवा हेडर बदलता येत नाहीत, तसा प्रयत्न सर्व्हर सोडून देतो. रीडायरेक्ट, म्हणजे लॉगिनच्या पानाकडे वळवणं, त्यातच आला. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, आणि लॉगिन न केलेल्या माणसासमोर पगारपत्रक उघडं. मी स्वतः एका कोडमध्ये हे पाहिलंय. लॉगिनची तपासणी फिल्टरमध्येच करा, म्हणजे पानाच्या आधी चालणाऱ्या जावा क्लासमध्ये.

फ्रॅगमेंटचं नाव थेट युआरएलच्या पॅरामीटरमधून घेऊ नका. वेब-इन्फ या ॲपच्या खासगी फोल्डरमधल्या फाइली बाहेरून उघडत नाहीत, पण इन्क्लूडला त्या खुल्या असतात, म्हणजे वेब-डॉट-एक्सएमएल ही ॲपच्या सेटिंगची फाइलही छापून येईल. मी चालणाऱ्या नावांचा मॅप सर्व्हलेटमध्ये ठेवतो. त्यात नसलेलं नाव आलं की सरळ 404, म्हणजे 'पान सापडलं नाही'.

पेज स्कोपमधलं, म्हणजे त्या एका पानापुरतं ठेवलेलं, व्हेरिएबल टॅगने आणलेल्या पानात दिसत नाही. रिक्वेस्ट स्कोपमध्ये ठेवा.

डायरेक्टिव्हने तुकडे घालतच गेलात तर एक दिवस कंपाइल होताना 'कोड टू लार्ज' अशी एरर येईल. जावाच्या एका मेथडचा बाइटकोड 64 केबीच्या आत लागतो, आणि सगळं पान एकाच मेथडमध्ये जातं.

आणि मराठीत काम करणाऱ्यांनी हे लिहूनच ठेवा: पेज-एन्कोडिंग, म्हणजे फाइलीतली अक्षरं कोणत्या पद्धतीने वाचायची ते, प्रत्येक फाइलीचं वेगळं ठरतं. मुख्य पानात यूटीएफ-8 लिहिलं म्हणून ते फ्रॅगमेंटला लागू होत नाही. त्यात काहीच नसेल तर आयएसओ-8859-1 धरलं जातं, आणि मेनूतल्या 'सोलापूर' शब्दाच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं उमटतात. मी वेब-डॉट-एक्सएमएलच्या जेएसपी-प्रॉपर्टी-ग्रुपमध्ये जेएसपी आणि (फ्रॅगमेंटच्या फाइलींचं) जेएसपीएफ, दोन्ही एक्स्टेन्शनसाठी यूटीएफ-8 एकदाच लिहितो, प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी.