एसीला वीज किती लागेल? हिशेब करताना या चुका टाळा

दीड टनाचा एसी म्हणजे दीड किलोवॉट, असा हिशेब सर्रास केला जातो. टन हे खोलीतली उष्णता उपसण्याचं माप आहे. १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता. ती उपसायला दीड टनी एसी पूर्ण भारावर साधारण १.५ ते १.७ किलोवॉट वीज घेतो. आकडे जवळपास आले, हा निव्वळ योगायोग.

त्याहून फसवी चूक स्टार लेबलवरून होते. लेबलवर वर्षाचे युनिट १६०० तासांसाठी दिलेले असतात. ८०० युनिटना १६०० ने भागलं की अर्धा किलोवॉट येतो, आणि ‘एवढ्याला जुनी वायर चालेल’ असं वाटतं. पण तो सरासरी आकडा आहे. मे महिन्यातल्या दुपारी एसी त्याच्या तिप्पट वीज ओढतो. वायर ठरवायची ती आउटडोअर युनिटच्या पाटीवरच्या कमाल अँपिअरवरून. दीड टनाला तो आकडा बहुधा १० च्या आसपास असतो.

दीड टनासाठी डीबीपासून (घरातला वीज वाटणारा स्विचचा डबा) थेट स्वतंत्र लाइन ओढा: २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, अर्थिंगची वेगळी वायर आणि २० अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा (सुरू होतानाचा क्षणिक जास्त प्रवाह सोसणारा) एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह आला की आपोआप बंद पडणारा स्विच. गिझरच्या लाइनवर एसी जोडू नका. २ टनाला ४ चौरस मिमी वायर घ्या.

अंतर विसरू नका. डीबी २० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन वायर ४० मीटर होते, २.५ मिमीत तिचा रोध सुमारे ०.३ ओहम. ८ अँपिअरला जेमतेम अडीच व्होल्ट वायरीतच कमी होतात. पण इन्व्हर्टर प्रकारचा नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना ४० अँपिअरपर्यंत ओढतो, तेव्हा १२ व्होल्ट जातात. आधीच १९० व्होल्ट येत असतील तर कॉम्प्रेसर गुरगुरून बंद पडतो. इथे ४ मिमीच हवी.

एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवणं ही सर्वांत घातक चूक. २.५ मिमीवर ३२ चा बसवलात तर एमसीबी शांत राहील आणि भिंतीत वायर जळेल. तो कधी पडतो ते पाहा. सुरू होताक्षणी पडला तर शॉर्ट किंवा अडकलेला कॉम्प्रेसर. अर्ध्या तासाने पडला तर क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून अँपिअर मोजणारं यंत्र) लावा: अँपिअर पाटीपेक्षा जास्त असतील तर आउटडोअरची कॉइल धुळीने चोंदली असण्याचा संभव मोठा, पाटीइतकेच असतील तर टर्मिनलचा स्क्रू ढिला होऊन तापत असेल. फक्त आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळली की बंद पडणारा स्विच) पडत असेल तर अर्थ गळती शोधा. एसीचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलला जोडला गेला असला तरीही तो पडतो.

दुसरा एसी घेण्याआधी वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ (वीज कंपनीने तुमच्या जोडणीला मंजूर केलेले किलोवॉट) वाचा. तिथे २ किलोवॉट असेल तर आधी भारवाढीचा अर्ज करा.