कोकणात जायचं तर उजेडात जा

माझी कुडाळची आत्या दर वेळी म्हणते, "गे, आखो दिवस गाडीत कशाक घालवतंस? रात्री बसाचा, सकाळी उतराचा." मी तिचं ऐकत नाही, आणि तुम्हीही ऐकू नये म्हणून हे लिहितेय. रात्रीच्या गाडीने कोकण रेल्वेचा प्रवास म्हणजे नुसती झोप.

मांडवी एक्सप्रेस मुंबईहून सकाळी सातच्या पुढे सुटते आणि मडगावला संध्याकाळी सातच्या सुमारास पोचते, म्हणजे जवळजवळ सगळा रस्ता उजेडात. पावसाळ्यात, अगदी ऑक्टोबरपर्यंत, वेळापत्रक बदलतं, वेगही कमी करतात आणि शेवटचा टप्पा अंधारात जाऊ शकतो, तेव्हा वेळ बघून घ्या.

महिना कोणता? माझं ठाम मत: पितृपक्ष. जुलैत पाऊस असा झोडपतो की खिडकी लावून बसावं लागतं. गणपतीत तिकीट मिळणं मुश्कील. पण अनंत चतुर्दशी झाली की चाकरमानी परतलेले असतात, खाली जाणाऱ्या गाडीत जागा असते. भात पोटरीला आलेलं असतं, वहाळ अजून भरून वाहत असतात, आणि कापलेल्या डोंगरांच्या जांभ्यावर तेरडा गुलाबी फुललेला असतो. आरक्षण ६० दिवस आधी सुटतं, त्या हिशेबाने तारीख धरा.

डबा साधा स्लीपर घ्या. एकदा मी हौसेनं एसीचं तिकीट काढलं आणि धुरकट काचेतून बारा तास अंदाज बांधत बसले. वारा नाही, मातीचा वास नाही. स्लीपरची खिडकी उघडते, बोगद्यातला गार ओलसर वारा तोंडावर येतो. मडगावकडे जाताना सह्याद्री डाव्या हाताला, म्हणून डावी बाजू चांगली. सीट नंबरवरून बाजू कळत नाही; डबा कुठल्या तोंडाने लागलाय त्यावर ते ठरतं. मी साइड लोअर मागते. ती उजवीकडे आली तरी बोळातून पलीकडचं दिसतं. वरच्या बर्थवाल्यालाही दिवसा तिथेच बसायचं असतं, एवढं लक्षात ठेवा. दारात मात्र लटकू नका, बोगद्याच्या भिंती फार जवळून जातात.

रोह्यापर्यंत निवांत चहा घ्या. खरी कोकण रेल्वे रोह्यापासून. चिपळूणला वाशिष्ठी नदी, संगमेश्वराकडे शास्त्री नदी, आणि मग उक्षी स्टेशन. पाऊस चांगला झालेला असेल तर तिथे रानपाटचा धबधबा दिसतो. त्यानंतर करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. पाच-सहा मिनिटं सगळं काळं, कानात नुसता घरघराट. बाहेर पडलात की समजा, रत्नागिरी आली.

इथे एक चूक सगळे करतात. रत्नागिरीला जेवण घेतात आणि गाडी सुटल्यावर डबे उघडतात. जेवण आधी उरका किंवा नंतर करा, कारण रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीचा पूल येतो, ६४ मीटर उंच. गाडीत बसून पूल दिसत नाही. अचानक पायाखालची जमीन जाते आणि खाली झाडांचे शेंडे दिसतात. अर्ध्या मिनिटात संपतं. १९९८ साली मार्ग पुरा झाला, त्यानंतर बाबा पहिल्यांदा या गाडीने निघाले. त्याआधी परळहून एसटीच्या लाल डब्याने, कशेडी घाटात लिंबू हुंगत जायचो. पुलावर त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि पलीकडे जाईपर्यंत सोडला नाही. अजूनही तिथे मी हातातलं सगळं खाली ठेवते.

बराचसा मार्ग एकेरी आहे, म्हणून क्रॉसिंगसाठी गाडी छोट्या स्टेशनांत थांबते. कंटाळू नका. समोरून वॅगनवर चढवलेले ट्रक जातात ती रो-रो, आणि ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये मजेत बसलेले असतात. मुलं सोबत असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवा. मांडवीच्या पॅन्ट्रीतली गरम कांदाभजी अशाच थांब्यावर खावी.

माझं उतरायचं ठिकाण कुडाळ. पण एकदा मुद्दाम मडगावपर्यंत गेले, थिवी सोडल्यावर मांडवी नदी आणि करमळीनंतर जुवारी नदी पाहायला. जुवारीवर उजेड उतरत होता, पाणी तांबूस झालं होतं. तुम्ही जाल तेव्हा त्या दोन पुलांपुरती उजवी बाजू मागून घ्या; एव्हाना गाडी बरीच रिकामी झालेली असते, कोणी नाही म्हणत नाही.