दमछाक न करता दमसास मोजा

स्पर्धा आठवड्यावर आली असताना खेळाडूला ट्रेडमिलवर पार थकेपर्यंत पळवू नका. दमसासाचा, म्हणजे व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा), अंदाज नाडीवरूनही येतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००४ साली मांडलेलं सूत्र सोपं आहे: हृदयाचे मिनिटाला कमाल ठोके भागिले विश्रांतीचे ठोके, गुणिले १५.३. कमाल १९० आणि विश्रांतीचे ५० असतील, तर उत्तर साधारण ५८ मिलिलिटर ऑक्सिजन, दर किलो वजनाला दर मिनिटाला.

सगळी मदार विश्रांतीच्या ठोक्यांवर आहे. सकाळी जाग आल्यावर, चहाच्या आधी, अंथरुणात पडूनच मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर मोजा. पन्नासऐवजी पंचावन्न मोजले गेले तर तेच उत्तर ५३ वर येतं! म्हणून चार-पाच सकाळींची सरासरी घ्या. ताप असेल किंवा रात्री जागरण झालं असेल, तर तो दिवस सोडा.

कमाल ठोक्यांसाठी '२२० वजा वय' वापरू नका. त्यात दहा-बारा ठोक्यांची चूक सहज होते. आधीच्या शर्यतीत ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्यावर नोंदलेला सर्वांत मोठा आकडा घ्या.

सूत्र सरावलेल्या पुरुष खेळाडूंवरून बनलंय. मुली आणि नवशिक्यांसाठी आकड्यापेक्षा महिन्यागणिक होणारा बदल पाहा.