या चुका टाळा: व्होल्टेज आणि करंटवरून रोध, पॉवर काढताना

सूत्रं दोनच. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, गुणलं की पॉवर. दहावीच्या मुलांनाही ती पाठ असतात. तरी उत्तर फसतं, कारण व्होल्टेज एका जागचं घेतलं जातं आणि करंट भलत्याच जागचा. ज्या वस्तूचा हिशोब करायचा, तिच्याच दोन टोकांमधलं व्होल्टेज हवं, तिच्यातूनच वाहणारा करंट हवा, आणि दोन्ही एकाच वेळचे हवेत.

साधं उदाहरण घ्या. १२ व्होल्टच्या बॅटरीवर पांढरा एलईडी लावायचा आहे, करंट २० मिलिअँपिअर. करंट आवरायला त्याच्यासोबत किती ओहमचा रेझिस्टर लावायचा? कुणी १२ ला सरळ २० ने भागतो, ०.६ ओहम काढतो आणि एलईडी जाळतो. मिलिअँपिअरचे अँपिअर करायचे राहिले. दुसरा ते करतो आणि १२ भागिले ०.०२, म्हणजे ६०० ओहम सांगतो. हेही चूकच, फक्त एलईडी मंद पेटतो म्हणून लक्षात येत नाही. एलईडी स्वतःवर साधारण ३ व्होल्ट घेतो, तेव्हा रेझिस्टरच्या वाट्याला ९ व्होल्ट येतात. ९ भागिले ०.०२ म्हणजे ४५० ओहम. दुकानात ४७० चा मिळेल, तो लावा.

गरम होणारा प्लग

हीच चूक घरात महागात पडते. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध सुमारे २६.५ ओहम. सॉकेटची पट्टी सैल झाली आणि तिथे अर्धा ओहम रोध आला असं समजा. त्या सांध्यात किती वॅट जळतात? पुष्कळ जण २३० च्या वर्गाला ०.५ ने भागतात (दोन्ही सूत्रं जोडली की पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध) आणि लाखावर वॅट काढून बसतात. काही जण ‘अर्ध्या ओहमने काय होतंय’ म्हणून सोडून देतात. दुसरी मंडळी जास्त धोकादायक.

सांध्यावर २३० व्होल्ट नसतातच. एकूण रोध २७ ओहम धरला तर करंट साधारण ८.५ अँपिअर, आणि सांध्यावर पडतात जेमतेम ४.३ व्होल्ट. पॉवर झाली ३६ वॅट. पण सोल्डरिंग आयर्नसुद्धा २५-३५ वॅटचंच असतं. तेवढी उष्णता पिनेच्या टोकाशी अंघोळीचं पाणी तापेपर्यंत साचत राहते, म्हणून प्लग काळा पडतो. करंट वाढण्याऐवजी किंचित कमीच झालेला असतो, त्यामुळे एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडत नाही. एमसीबी पडला नाही म्हणजे सगळं ठीक, हे गृहीत धरू नका. गिझर बंद आणि चालू असताना त्याच बोर्डावर व्होल्टेज मोजा. फरक बराच दिसला तर सांधे आणि वायरिंग तपासून घ्या.

थंड रोध, गरम रोध

१०० वॅटचा जुना पिवळा बल्ब मीटरवर धरला तर ४० ओहमच्या आसपास दाखवतो. त्यावरून पॉवर १,३०० वॅटच्या वर येते आणि माणूस मीटरलाच नावं ठेवतो. मीटर बरोबर आहे. पेटलेल्या बल्बच्या तारेचा रोध ५२९ ओहम असतो, थंड टंगस्टनचा कितीतरी कमी. बटण दाबताच करंटचा जो लोंढा येतो तो यामुळेच, आणि जुने बल्ब बहुतेक वेळा लावतानाच जातात. गिझरच्या एलिमेंटमधल्या नायक्रोम तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. त्यामुळे वीज तोडून, एलिमेंटच्या वायरी काढून मोजलेले २६-२७ ओहम विश्वासाने वापरता येतात.

व्होल्टेज बदललं की

अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा, १५०० वॅटचा हेअर ड्रायर इथे दुप्पट तापेल असं वाटतं. रोध ९.६ ओहम आणि व्होल्टेज २३०, म्हणजे ५,५०० वॅट. जवळजवळ पावणेचार पट! तो तापत नाही, जळतो. इकडची १५०० वॅटची किटली तिकडे नेली तर ४०८ वॅटवर चहाची वाट बघत बसावं लागतं.

गावाकडे व्होल्टेज १८० वर उतरलं की ‘आता करंट वाढणार’ असं सगळ्यांसाठीच म्हटलं जातं. लोड घेतलेल्या मोटरचा वाढतो. गिझर, इस्त्री, शेगडी यांचा कमी होतो. आपला २००० वॅटचा गिझर १८० व्होल्टवर ६.८ अँपिअर घेऊन १,२२५ वॅटच देतो. पाणी उशिरा तापलं म्हणून एलिमेंट बदलायची घाई नको.

पंपाला हा हिशोब लावू नका

वाइंडिंगचा, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचा रोध मोजून, २३० ला त्याने भागून मोटरचा चालू करंट निघत नाही. फिरती मोटर उलट व्होल्टेज तयार करते, शिवाय एसी विजेवर वाइंडिंगचा नुसता रोध मोजून भागत नाही. क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) ६ अँपिअर दाखवले तर २३० गुणिले ६ म्हणजे १,३८० आले, पण ते व्होल्ट-अँपिअर. त्यातला खऱ्या पॉवरचा वाटा, म्हणजे पॉवर फॅक्टर, ०.७५ असेल तर वॅट १,०३५ च. थ्री फेजला आणखी १.७३२ ने गुणायचं: ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर सुमारे ४,३०० वॅट. ५ एचपीच्या (हॉर्सपॉवरच्या) पंपाला हे पटतं. ५ एचपी म्हणजे ३,७३० वॅट हे शाफ्टवर मिळणारं काम, बिल त्याहून जास्त विजेचं येतं.

मीटर हाताळतानाची एक चूक मात्र आकड्यांपुरती राहत नाही. करंट मोजून झाल्यावर लाल वायर अँपिअरच्या खाचेतच राहते आणि त्याच मीटरने सॉकेटचं व्होल्टेज बघायला जातात. ती खाच जवळजवळ शून्य ओहमची, म्हणजे थेट शॉर्ट सर्किट. स्वस्त मीटरमध्ये १० अँपिअरच्या खाचेला अनेकदा फ्यूजही नसतो. करंट मोजला की वायर तिथल्या तिथे व्होल्टच्या खाचेत लावून ठेवा.