पफचा तळ गिच्च व्हायचा, तो असा सुटला

उन्हाळ्यात नणंदा माहेरी आल्या की आमच्याकडे सकाळी दहाला नाश्ता-जेवण एकत्रच. मागच्या खेपेला पालक, पत्ताकोबी अन् चीजचे पफ केले. वरून सोनेरी, खालून गिच्च. सासूबाई म्हणाल्या, "हे तं भिजल्या पोळीसारखं लागून रायलं वो."

पहिली चूक लोण्याची. वरुडकडचा मे महिना, लाटता लाटताच लोणी वितळून मैद्यात जिरायचं. थर वेगळे राहिले अन् लोण्यातल्या पाण्याची वाफ झाली तरच पदर फुगतात. आता पहाटे पाचला लाटते, दर घडीनंतर अर्धा तास फ्रीजमध्ये. (लाइट गेली तर सरळ आलूबोंडे!)

दुसरी सारणाची. चिरलेल्या पत्ताकोबीला मीठ लावून २० मिनिटांनी जुन्या धोतराच्या फडक्यात पिळली, तर वाटीभर पाणी निघालं! सारण परतून पूर्ण गार झालं की मगच चीज अन् सांबार (म्हणजे कोथिंबीर). ओव्हन २०० अंशांवर, ट्रे आधीच खालच्या खणात तापत ठेवलेला. पफ ठेवताना बोट भाजलं, पण २५ मिनिटांनी तळ टिचकी मारल्यावर पापडासारखा वाजला. धाकट्या नणंदेनं चार खाल्ले, चटणी न मागता.