घराची किंमत ठरवताना आधी तारीख ठरवा
घटस्फोटात दोघांनी वेगवेगळे मूल्यांकनकार आणले की दोन आकडे येतात आणि भांडणाला नवं निमित्त मिळतं. त्यापेक्षा एकच स्वतंत्र, नोंदणीकृत मूल्यांकनकार दोघांच्या लेखी संमतीने नेमा, फी निम्मी-निम्मी. त्याआधी एक गोष्ट पक्की करा: किंमत कोणत्या तारखेची धरायची? वेगळे राहू लागलात तेव्हाची की आजची? बाजार हलला असेल तर फरक मोठा पडतो, म्हणून हे वकिलाला विचाराच. दलालाचा तोंडी अंदाज इथे चालत नाही. पाहणीला दोघंही हजर राहा (बोलणं नसलं तरी), गळती-दुरुस्ती लपवू नका. आणि वाटणी पूर्ण किमतीची नसते: घर 100 चं, कर्ज 60 बाकी, तर हिशेब 40 चा.