क्लबचे फोटो ऑनलाइन ठेवताना या चुका टाळा

आमच्या फोटोग्राफी क्लबची पहिली ऑनलाइन गॅलरी एका उत्साही सभासदाच्या खासगी ईमेलवर उघडलेली होती. तीन वर्षं कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मग तो नोकरीसाठी परदेशी गेला, पासवर्ड विसरला, आणि ओटीपी जायचा तो त्याच्या इथल्या बंद पडलेल्या नंबरवर. भिगवणचे रोहित पक्षी, दोन वाऱ्या, कासची फुलं, सगळं दिसत होतं. पण नवा फोटो चढवता येईना की जुना काढता येईना.

प्लॅटफॉर्म निवडायच्या बैठकीत आम्ही दोन तास थीम काळी हवी की पांढरी यावर घालवले होते. खातं कोणाच्या नावावर, हे कोणी विचारलंच नाही. आता क्लबचा वेगळा ईमेल आहे, दोन पदाधिकाऱ्यांचे नंबर त्याला जोडलेत, आणि पदाधिकारी बदलले की हिशेबाच्या वहीबरोबर पासवर्डही सुपूर्द होतो. महिन्यातून एकदा तरी कोणीतरी त्यात लॉगिन करतं. दोन वर्षं न वापरलेलं खासगी खातं गूगल काढून टाकू शकतं, हे विसरू नका.

‘फुकट आहे’ म्हणून घेणं

फुकट जागा कायमची नसते. गूगल फोटोजची अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली; आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. फ्लिकर या फोटो ठेवायच्या साइटवर २०१३ पासून १ टीबी फुकट मिळायची. २०१८ मध्ये स्मगमग या दुसऱ्या फोटो-साइटच्या कंपनीने ते विकत घेतलं आणि त्याच वर्षी फुकट खात्यांना १,००० फोटोंची मर्यादा जाहीर झाली.

म्हणून आधी कागदावर हिशेब करा. चाळीस सभासद, महिन्याला प्रत्येकी दहा फोटो, म्हणजे वर्षाला ४,८०० फोटो. २४ मेगापिक्सेलचा जेपेग साधारण १० एमबीचा धरला तर ४८ जीबी. तेच फोटो लांब बाजू २,०४८ पिक्सेल ठेवून दिले तर एकेक फार तर १ एमबी, म्हणजे वर्षाचं काम ५ जीबीच्या आत. स्क्रीनवर पाहायला तेवढं पुरतं. मूळ फाइल ज्याची त्याने आपल्या हार्ड डिस्कवर सांभाळावी. गॅलरीलाच बॅकअप समजणं ही वेगळीच चूक, आणि ती सगळ्यांत जास्त लोक करतात.

‘माझे फोटो कुठे गेले?’

कोणी सभासद क्लब सोडतो आणि त्याच्याबरोबर सहलीचे निम्मे फोटो जातात, यात कोणाचा खोडसाळपणा नसतो. गूगल फोटोजच्या शेअर्ड अल्बममधून माणूस बाहेर पडला की त्याने घातलेले फोटोही निघून जातात. फ्लिकरच्या ग्रुपमध्येही फोटो मुळात सभासदाच्याच खात्यात असतो. त्याने तिथून काढला की ग्रुपमधूनही गेला. फोटो ज्याचा हक्क त्याचा, त्यामुळे हे तसं रास्तच आहे. पण वार्षिक प्रदर्शनाचा संग्रह टिकवायचा असेल, तर सभासदाची लेखी परवानगी घेऊन त्याची प्रत क्लबच्या खात्यात ठेवा.

रंग मेले, क्रम बिघडला

‘माझ्याकडे सूर्यास्त केशरी होता, इथे मळकट दिसतोय’ ही तक्रार आली की मी प्लॅटफॉर्मला शिव्या घालण्याआधी फाइलचं नाव पाहतो. निकॉन किंवा कॅननच्या कॅमेऱ्यातल्या फाइलचं नाव अंडरस्कोअरने सुरू होत असेल, तर कॅमेरा अडोबी आरजीबी या रंगपद्धतीवर आहे. फोटो चढताना काही ठिकाणी रंगाचं प्रोफाइल, म्हणजे फाइलमधली रंगपद्धतीची नोंद, गळून पडतं आणि रंग फिके होतात. एडिट केलेला फोटो एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी ही स्क्रीनवर सगळीकडे चालणारी रंगपद्धत निवडा, बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो.

दुसरी गंमत नावांची. आमच्या फोल्डरमध्ये एकदा कॅमेऱ्यानेच दिलेल्या ‘डीएससी ४४१०’ या नावाच्या तीन फाइली होत्या: एकात पालखी, एकात बगळा, एकात कोणाचा तरी पुतण्या. आता वर्ष-महिना, विषय, आडनाव, क्रमांक असं नाव दिल्याशिवाय फोटो घेतच नाही. आणि सहलीला निघताना सगळ्यांनी कॅमेऱ्याची वेळ जुळवायची. आमच्यातल्या एकाचा कॅमेरा अजून सिंगापूरच्या वेळेवर चालतो, त्यामुळे गॅलरीत त्याचा सकाळचा चहा नाश्त्यानंतर येतो.

लिंक आणि लोकेशन

‘लिंक ज्याच्याकडे आहे तो पाहू शकतो’ याचा अर्थ खरंच कोणीही. लिंक एकदा व्हॉट्सअॅपवर फिरली की ती आवरता येत नाही. मोबाइलच्या फोटोत जीपीएस असतो, त्यातून सभासदाचं घर कळतं. पक्ष्याचं घरटं असेल तर त्याहून वाईट. पुढच्या रविवारी तिथे दहा लेन्स उभ्या राहतात. घरट्यांचे फोटो आम्ही लोकेशन काढूनच घेतो. प्लॅटफॉर्मवर ते लपवायची सोय असली तरी त्यावर विसंबत नाही, एक्स्पोर्ट करतानाच पुसतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपलाच गॅलरी समजू नका. तिथे फोटो म्हणून पाठवलेला फोटो दाबला जातो आणि एक्झिफही, म्हणजे फोटोत साठवलेली वेळ, कॅमेरा वगैरे माहितीही, जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. स्पर्धेच्या प्रवेशिका व्हॉट्सअॅपवर घ्यायच्याच असतील तर अशाच घ्या.

बाहेर पडून पाहिलं नाही

पैसे भरण्याआधी वीस फोटो चढवा, त्यांना मराठीत शीर्षक आणि ओळी लिहा, आणि मग सगळं परत उतरवून घ्या. मूळ आकार आला का? शीर्षकं आली का? गूगल टेकआउटमध्ये, म्हणजे गूगलवरचा आपला सगळा डेटा उतरवून घ्यायच्या सोयीत, वर्णनं फोटोबरोबर येतात खरी, पण जेसन नावाच्या वेगळ्या मजकूर-फाइलींमध्ये. त्या परत जोडणं हे एखाद्या चिवट सभासदाचं रविवारचं काम होऊन बसतं. ही चाचणी संध्याकाळच्या तासाभरात होते. आम्ही ती पहिल्या गॅलरीच्या वेळी केली नाही, आणि दुसऱ्या गॅलरीत नेण्यासाठी जुने ६०० फोटो एकेक उघडून उतरवले.